नाळ कापल्यानंतरचे दोन तास

गरोदर मातांची मधुमेह तपासणी आता सरकारी रुग्णालयांत बऱ्यापैकी रुळली आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचे, दोन तासांनी साखर पाहायची. १४० किंवा त्याहून अधिक आली तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा. उपाशीपोटी येण्याची अट नाही, त्यामुळे एसटीने लांबून येणाऱ्या बाईचीही तपासणी त्याच दिवशी उरकते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांचा हा मोठा फायदा. पण सगळे लक्ष नऊ महिन्यांवर असते, आणि गळती होते ती प्रसूतीच्या खोलीत.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. जादा साखर आली की बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन बनवते. नाळ कापताच साखर बंद होते, इन्सुलिन मात्र अंगात उरते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच बाळाची साखर घसरते. नऊ महिने पथ्य पाळलेल्या बाईची साखर ऐन कळांत चढली, तरी हा धोका वाढतो. इन्सुलिनवरच्या मातेचा सकाळचा डोस थांबवून दर दोन तासांनी साखर पाहा, साधे सलाइन लावा आणि गरजेनुसार त्यात इन्सुलिन द्या, असे सूचना सांगतात. सवयीने ग्लुकोजची बाटली अडकवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

बाळाची पहिली तपासणी तासाभरात, पुढच्या दूध पाजण्याआधी. ४५ च्या खाली गेली तर उपचार लागतात. अनेक बाळांत लक्षण काहीच दिसत नाही, म्हणून 'बाळ छान आहे' यावर विसंबता येत नाही. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि रात्रपाळीला ते करायला मोकळा हात, एवढेच. एकाच सिस्टरकडे प्रसूतीची खोली आणि वॉर्ड दोन्ही असले की नेमकी हीच तपासणी राहते. पट्ट्यांची मागणी नोंदवताना मातांचीच संख्या धरली जाते, बाळांची नाही, हेही तपासून पाहावे.

घरच्यांच्या हातात एक गोष्ट आहे : पहिल्या तासात आईचे दूध. मध किंवा गुळाचे पाणी चाटवू नये. बाळ थरथरत असेल, फार सुस्त असेल, दूध ओढत नसेल तर सिस्टरांना लगेच उठवावे, पहाटेचे तीन वाजले असले तरी.