मला कशाला?

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीत क्षणभर कान देऊन उभे राहावे, म्हणजे एक वाक्य हमखास कानी पडते : “सगळ्यांचे झाले हो, पण बाबांना काय घ्यावे हेच कळत नाही!” आईची साडी झालेली असते, पोरांचे कपडे झालेले असतात, जावयाचा अहेरही बांधून तयार असतो. मग पिशवीत जागा उरलीच, तर तीत अर्धा डझन रुमाल किंवा मोज्यांची जोडी पडते. झाली बाबांची दिवाळी!

या वाक्याशी मला आज भांडायचे आहे. वडिलांना देण्याजोगे काही सापडत नाही, ही तक्रार साफ खोटी आहे. सापडत नाही, कारण आपण ते दुकानात शोधतो. आणि ज्यांच्यासाठी शोधायचे, ते मात्र घरात खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेले असतात. त्यांच्याकडे कोण पाहतो?

यावर उत्तर तयार असते. “अहो, तेच म्हणतात ना, मला कशाला?” म्हणतात खरे. पण आईसुद्धा “मला नको हो साडी” असे म्हणतेच की! तिचे आपण ऐकतो का? तिच्या ‘नको’मधला ‘हवे’ आपल्याला बरोबर कळतो. मग वडिलांचाच शब्द एवढा प्रमाण का मानावा? तो मानला की आपले काम वाचते, म्हणूनच ना?

मी मराठीचा मास्तर. शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावावा, हे मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. ‘मला कशाला?’ या दोन शब्दांचाही संदर्भ आहे. मराठवाड्यात आज पंचाहत्तरीच्या घरात असलेल्या माणसांनी १९७२चा दुष्काळ ऐन विशीत पाहिला. कुणी दुष्काळी कामावर खडी फोडली, कुणी मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढले. कुणी खेड्यातून या शहरात शिकायला आले. बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात, किंवा १९५८ साली सुरू झालेल्या विद्यापीठात, एका सदऱ्यावर वर्ष काढून पदवी घेतली. अशा घरांत एकाने ‘मला कशाला?’ म्हटले, की दुसऱ्याच्या ताटात अर्धी भाकरी जास्त पडे. तो सरळ हिशेब होता. पुढे दुष्काळ सरला, पगार वाढले, सिडकोत घर झाले; पण जिभेला लागलेले वळण गेले नाही. आपण मात्र त्या वळणाला वैराग्य समजून मोकळे झालो.

दरवर्षी मी वर्गात ‘माझे बाबा’ हा निबंध घालतो. बाबा आमच्यासाठी राबतात, हे सगळेच लिहितात. एकदा मी विचारले, “बाबांना काय आवडते, ते लिहा.” निम्म्या वर्गाच्या लेखण्या थांबल्या. एका मुलाने मात्र लिहिले, ‘माझ्या बाबांना करपलेली भाकरी आवडते.’ बिचाऱ्याने जे रोज ताटात पाहिले तेच लिहिले! मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. तो निदान बाबांच्या ताटाकडे पाहत तरी होता.

आपले सणही पाहा. बलिप्रतिपदेला आई वडिलांना ओवाळते, लेकी ओवाळतात. तबकात ओवाळणी कोण घालतो? ज्याला ओवाळले तोच! रीत गोड आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण ज्या दिवशी दिवा त्यांच्यासाठी लागतो, त्या दिवशीही हात त्यांच्याच खिशात जातो, हे घरातल्या कुणाच्या ध्यानात येऊ नये?

आणि दिवाळीच्या महिनाभर आधी काय होते? पितृपक्ष! तेव्हा साऱ्या घराची स्मरणशक्ती एकदम ताजी होते. अण्णांना अळूची भाजी लागायची, खिरीत वेलदोडा लागायचा, सारे आठवते. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, की थोरला मुलगा हात जोडून विचारतो, “काय राहिले? सांगा, पुरे करू.” हाच प्रश्न जिवंतपणी एकदा विचारला असता, तर कावळ्याची मध्यस्थी लागली नसती.

अलीकडे जूनमध्ये ‘फादर्स डे’ही येतो. त्याला विलायती म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. अमेरिकेत स्पोकेन शहरी १९१० साली सोनोरा डॉड या बाईने तो सुरू केला. आई गेल्यावर वडिलांनी एकट्याने सहा मुले वाढवली, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. पुढे टाय आणि शर्ट विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी तो दिवस उचलून धरला. १९७२ साली, म्हणजे इकडे आपल्या विहिरी कोरड्या पडल्या त्याच वर्षी, तिकडे त्याला कायद्याची मान्यता मिळाली. आपण तिच्याकडून टाय घेतला आणि तिची नजर तेवढी घ्यायची विसरलो!

मग द्यावे तरी काय? आठ दिवस नुसते पाहा. वर्तमानपत्र वाचताना ते कागद उजेडाकडे तिरपा धरतात का? मग त्यांना चांगल्या उजेडाचा दिवा हवा आहे. कपाटातल्या डबीत बंद पडलेले एचएमटीचे घड्याळ आहे का? बंगळूरचा तो कारखाना १९६१चा. घड्याळांची ती कंपनी २०१६ साली बंद झाली. पण चांगला घड्याळजी ते घड्याळ अजून चालू करून देईल. पावले मोजणाऱ्या नव्या घड्याळापेक्षा पहिल्या पगारातले ते घड्याळ मनगटावर चढवताना त्यांचा चेहरा पाहा. आपल्या गावची हिमरू शाल द्यायची असेल, तर अवश्य द्या. सुती ताण्यावर रेशमी बाण्याचे ते काम आहेच देखणे. पण नुसती हाती दिलीत, तर डांबरगोळ्या घालून ती ट्रंकेत जाईल, ‘कुणाच्या लग्नाला होईल’ म्हणून! तेव्हा ती स्वतः त्यांच्या खांद्यावर घाला. आणि यांतले काहीच परवडत नसेल, तर एक दुपार द्या. त्यांना नागसेनवनात न्या, नाहीतर त्यांच्या गावच्या पारावर न्या. फोन खिशात ठेवा आणि ते बोलतील ते ऐका.

“केवढ्याला आणलेस?” असे ते विचारतीलच. महाराष्ट्रातली यच्चयावत मुले तेव्हा निम्मी किंमत सांगतात, आपणही सांगावी. पण त्या प्रश्नावर चिडू नये. आयुष्यभर घराचा खर्च सांभाळलेला माणूस आता आपल्या खिशाची काळजी करीत असतो.

तेव्हा वाचकहो, या पाडव्याला ओवाळून झाले, त्यांनी तबकात नोट टाकली, की ताट उचलण्याची घाई करू नका. जे आणले असेल ते त्यांच्या हाती द्या. ते म्हणतील, “मला कशाला?” म्हणू द्या. आपण हात मागे घेऊ नये, म्हणजे झाले.