विश्लेषण : नेटवर्किंग शिकायचे पडद्यावर की प्रत्यक्ष केबलवर? बीएस्सी आयटीच्या ‘त्या’ १२० तासांना एवढे महत्त्व का?

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला पोहोचते. या तुकडीला सहाव्या सत्रात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ करावे लागणार आहे. संगणक नेटवर्किंग हा विषय आतापर्यंत बहुतांशी फळा, जर्नल आणि संगणकाच्या पडद्यावर शिकवला गेला. अंबरनाथ पूर्व, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना हे प्रशिक्षण मिळणार कुठे आणि त्यातून काय पदरात पडू शकते?

नेमका बदल काय?

राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवी अभ्यासक्रमांची श्रेयांक रचना ठरवून दिली. त्यात मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्य विषय यांच्याबरोबर ऑन जॉब ट्रेनिंगसाठी चार श्रेयांक राखून ठेवले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर हे १२० तास होतात. म्हणजे रोज आठ तास काम केले तर १५ दिवस, रोज चार तास केले तर महिनाभर. स्वायत्त महाविद्यालयांनी हे धोरण एक वर्ष आधी, २०२३-२४ मध्ये लागू केले. त्यामुळे त्यांची पहिली तुकडी या टप्प्यावर आधी आली. आता संलग्न महाविद्यालयांची पाळी आहे आणि विद्यार्थ्यांची मोठी संख्या तिथेच आहे.

आतापर्यंत नेटवर्किंग कसे शिकवले जाते?

बीएस्सी आयटीच्या जुन्या रचनेत ‘कम्प्युटर नेटवर्क्स’ हा विषय दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या सत्रात होता आणि सुरक्षेचा ‘सिक्युरिटी इन कम्प्युटिंग’ थेट सहाव्या सत्रात. अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत तो पाचव्या सत्रात येत असे. पुस्तके ठरलेली : टॅनेनबॉम, फोरोझान, कुरोस-रॉस. प्रात्यक्षिकांसाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर. त्यात राऊटर, स्वीच माऊसने ओढून आणायचे, रेघ मारून जोडायचे, आयपी पत्ते भरायचे आणि हिरवा ठिपका दिसला की चित्र जर्नलमध्ये चिकटवायचे.

पॅकेट ट्रेसर वाईट नाही. नोंदणी केली की ते मोफत मिळते आणि ज्या महाविद्यालयाला खरे राऊटर परवडत नाहीत तिथे दुसरा मार्गही नसतो. पण त्यातली केबल कधी उंदीर कुरतडत नाही, तिचा जॅक सैल होत नाही, पावसात तिच्यात पाणी शिरत नाही. खऱ्या नेटवर्कमध्ये पहिला शोध यांचाच घ्यावा लागतो. केबलच्या आठ तारांचा क्रम (पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी) परीक्षेसाठी पाठ करणे वेगळे आणि क्रिम्पिंगच्या पक्कडीने जॅक दाबल्यावर टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागणे वेगळे.

सबनेटिंगची गोष्ट याहून बोलकी आहे. समजा, एका महाविद्यालयात प्रत्येकी २५ संगणकांच्या तीन प्रयोगशाळा आहेत. १९२.१६८.१०.० हे २५६ पत्त्यांचे नेटवर्क ३२-३२ च्या तुकड्यांत तोडले तर प्रत्येक तुकडीत दोन पत्ते राखीव जाऊन ३० उरतात. २५ संगणक, एक प्रिंटर, एक राऊटर सहज बसतात, शिवाय पाच तुकड्या पुढच्यासाठी शिल्लक राहतात. गणित पाचवीच्या भागाकाराइतके सोपे आहे. तरी विद्यार्थ्यांना ते अवघड वाटते, कारण ते बहुतेकदा काल्पनिक नेटवर्कवर आणि वेळ लावून सोडवायला दिले जाते. स्वतःच्याच प्रयोगशाळेचा नकाशा काढायला कोणी सांगत नाही.

काही भाग तर इतिहासजमा झालेला आहे. आयपी पत्त्यांचे ए, बी, सी असे वर्ग अजूनही पाठ करून घेतले जातात. इंटरनेटने ही वर्गवारी १९९३ मध्येच सोडली आणि पत्ते हव्या त्या आकाराच्या तुकड्यांत वाटण्याची पद्धत घेतली. इतिहास म्हणून वर्ग जरूर शिकवावेत. पण ते शिकताना विद्यार्थ्याला आजही असेच चालते असे वाटत असेल, तर मुलाखतीत फजिती ठरलेली. ओएसआय मॉडेलचे सात थर १९८४ चे. त्याआधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेले होते. इंटरनेट चालते ते त्यावर. तरी सात थरांची आकृती हा हमखास गुणांचा प्रश्न राहिला.

खिशातला फोन पुस्तकाच्या पुढे गेला का?

बऱ्याच अंशी, हो. आयपीव्ही४ मध्ये सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाची संस्था शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. त्यानंतर पाच वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची सेवा सुरू झाली ती आयपीव्ही६ घेऊनच. आयपीव्ही६ च्या वापरात भारत आज जगातील आघाडीच्या देशांत आहे. अंबरनाथ स्थानकात लोकलची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातला फोन आयपीव्ही६ वर चालत असण्याची शक्यता मोठी आहे. महाविद्यालयात मात्र त्याला याच विषयाचे एक प्रकरण मिळते, तेही सत्राच्या शेवटी घाईत.

घरच्या ब्रॉडबँडवरही हेच. संगणकावर ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा देऊन एखाद्या संकेतस्थळापर्यंतचा मार्ग पाहिला तर पहिला टप्पा घरचा राऊटर दिसतो. दुसरा टप्पा अनेकदा १० किंवा १००.६४ ने सुरू होणारा असतो. हा खासगी पत्ता आहे. पत्ते कमी पडत असल्याने सेवा देणारी कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवते. घरातला सीसीटीव्ही कॅमेरा बाहेरून थेट का उघडत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे एक कारण इथे सापडते. पॅकेट ट्रेसर न उघडता, एक रुपयाही खर्च न करता समजणारा हा धडा आहे.

पुस्तकातील दोन गुणांचे प्रकरण कधी जगाची बातमी होते तेही लक्षात घ्यावे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या एका आज्ञेमुळे कंपनीची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली आणि तिच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे मार्ग बीजीपीतून नाहीसे झाले. डीएनएस आणि बीजीपी दोन्ही पदवीच्या अभ्यासात आहेत. ती घटना वर्गात तासभर उलगडली तर दोन्ही संकल्पना कायमच्या डोक्यात बसतील.

अंबरनाथ परिसरात असे काम आहे का?

नेटवर्किंगची नोकरी म्हटले की डोळ्यांसमोर ऐरोली, रबाळे, महापे इथली डेटा सेंटर येतात. देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. अंबरनाथहून ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर लोकल धरली की तिथे पोहोचता येते. पण शिकाऊ विद्यार्थ्याला सर्व्हरच्या रॅकला हात लावू देईल असे डेटा सेंटर विरळाच. सुरक्षेच्या नियमांमुळे ते समजण्यासारखेही आहे.

काम त्याहून जवळ आहे, फक्त तिकडे नेटवर्किंग म्हणून पाहिले जात नाही. कानसई, वडवली, बी केबिन रोड या वस्त्यांतील इमारतींना ब्रॉडबँड देणारे स्थानिक केबल व्यावसायिक रोज फायबर जोडतात, सिग्नल मोजतात, कोणत्या मजल्यावर जोडणी तुटली ते शोधतात. रुग्णालये, पतपेढ्या, शाळा, गृहनिर्माण संस्थांच्या कॅमेऱ्यांचे जाळे, नगर परिषदेची कार्यालये या सगळ्यांकडे नेटवर्क आहे आणि अनेक ठिकाणी ते नीट नोंदवलेले नाही. कोणता संगणक कोणत्या स्वीचला, कोणता पासवर्ड अजून कारखान्यातून आला तसाच आहे, याची यादी करून देणे एवढे कामसुद्धा १२० तास खाईल आणि त्या संस्थेच्या उपयोगी पडेल.

सर्वांत मोठी संधी पूर्वेच्या आनंदनगर एमआयडीसीत आहे. कारखान्यातील यंत्रे नियंत्रित करणारे पीएलसी आता नेटवर्कला जोडलेले असतात. त्यांच्यात अजूनही वापरला जाणारा मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ चा; त्याच्या मूळ रूपात पासवर्डची सोयच नाही. तांब्याची केबल १०० मीटरपुढे भरवशाची राहत नाही, म्हणून एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फायबर न्यावी लागते. हे ज्ञान बीएस्सीच्या पुस्तकांत जवळपास नाही. त्याचे गांभीर्य मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० ला जाणवले. त्या दिवशी महानगर प्रदेशाच्या मोठ्या भागाची वीज गेली. यामागे सायबर घातपात असल्याची शंका राज्य सरकारने व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. वाद काहीही असो, उद्योगातील नेटवर्क कोण सांभाळते हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आहे.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी तर कंपन्यांना सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. छोट्या कारखान्याकडे यासाठी वेगळा माणूस नसतो. या नोंदी ठेवायला शिकलेला विद्यार्थी तिथे ओझे ठरणार नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण कागदाची आहे. श्रेयांक मिळतात ते प्रमाणपत्र आणि अहवालावर. एकाच वेळी शेकडो विद्यार्थी बाहेर पडले आणि महाविद्यालयाकडे आस्थापनांशी करार नसले, तर पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांचे फावणार हे सांगायला ज्योतिषी नको. ऑनलाइन चित्रफिती पाहून मिळणारे ‘व्हर्च्युअल’ प्रशिक्षण हा दुसरा सोपा रस्ता. आधीच पडद्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा पडद्यासमोर बसवून १२० तास भरले, तर या तरतुदीचा हेतूच राहत नाही.

ज्याच्याकडे पैसे आहेत तो खासगी शिकवणी लावून सीसीएनए करतो. त्याचे परीक्षा शुल्क ३०० डॉलर आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी आयआयटी खरगपूरचा नेटवर्किंगचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर मोफत आहे, पण स्वीच हाताळण्याची संधी त्यात नाही. ती या १२० तासांतच मिळू शकते.

त्यासाठी महाविद्यालयांना सहावे सत्र सुरू होण्याची वाट पाहून चालणार नाही. आनंदनगरमधील कारखाने, स्थानिक ब्रॉडबँड व्यावसायिक आणि तिन्ही शहरांच्या पालिकांशी करार पाचव्या सत्रातच व्हायला हवेत. विद्यार्थ्याने रोज काय केले याची डायरी आस्थापनेच्या माणसाच्या सहीने घ्यायला हवी. आणि तोंडी परीक्षेत सात थरांची नावे विचारण्याआधी त्याने शोधलेला एक तरी बिघाड विचारायला हवा.