ट्रक का अडखळतोय?

दोस्तांनो, घरी नवाकोरा कॉम्प्युटर आला. मोठ्या हौसेनं 'युरो ट्रक सिम्युलेटर २' लावला, तर ट्रक बैलगाडीसारखा गचके खात चाललाय! बाबा म्हणतात, "पैसे पाण्यात गेले." थांबा, दुकानात परत न्यायची घाई नको.

आधी डब्याच्या मागे बघा. मॉनिटरची वायर मदरबोर्डात खोचली असेल, तर महागाचं ग्राफिक्स कार्ड नुसतंच बसून राहतं! कॉम्प्युटर बंद करा आणि वायर कार्डात लावा.

मग विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर समजा, खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या. तो नसेल तर पडद्यावर साधं चित्र दिसतं, पण गेमचं अवघड काम कार्डापर्यंत पोचतच नाही.

एनव्हिडिया, एएमडी की इंटेल? ज्यांची चिप, त्यांच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या. 'फुकट ड्रायव्हर'वाल्या भलत्या साइटच्या नादी लागू नका, व्हायरस घरात शिरेल! आई-बाबांना शेजारी बसवा, ड्रायव्हर टाका, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा.

तरीही ट्रक अडखळला, तर गेममधलं ग्राफिक्सचं सेटिंग एक पायरी खाली आणा. नाहीच जमलं, तर खुशाल दुकानदाराला गाठा. काय काय तपासलं, हे आता तुम्हीच त्याला सांगाल, बरं का!