अडकलेली झडप हाही कीड-नियंत्रणाचाच प्रश्न

वाराणसी परिसरात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, ‘लू’ वाहते आणि बारीक धूळ यंत्रांच्या सांध्यांत जाऊन बसते. अशा काळात हरितगृहाच्या मोटारचलित झडपा, म्हणजेच लूव्हर, अडकल्या की ते मेकॅनिकचे काम समजले जाते. वस्तुतः तो पीक संरक्षणाचा प्रश्न आहे.

हवा आत घेणारी झडप मिटलेली राहिली आणि पंखा चालूच असला, तर आतील हवेचा दाब घटतो. मग दाराच्या फटीतून, फाटलेल्या फिल्ममधून बाहेरची हवा ओढली जाते आणि तिच्यासोबत पांढरी माशीही येते. पंख्याची झडप उघडीच अडकली, तर पंखा थांबताच किडींना मोकळी वाट मिळते. उकाड्याने हतबल झालेला शेतकरी कीटकरोधक जाळीच वर गुंडाळतो, तेव्हा उरलेसुरले संरक्षणही संपते. पांढरी माशी टोमॅटोत पर्णगुच्छ विषाणूचा प्रसार करते आणि रोगग्रस्त झाड औषधाने बरे होत नाही. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने या रोगास प्रतिकारक ‘काशी विशेष’ हे वाण दिले आहे. परंतु हरितगृहातील प्रत्येक पिकाला असे कवच लाभलेले नाही.

झडप अडकली की थेट मोटार बदलण्याची घाई होते. ती टाळावी. प्रथम मुख्य वीजपुरवठा बंद करावा, मोटारीची जोडदांडी सोडवावी आणि पाती हाताने हलवून पाहावीत. पाती जड जात असतील, तर दोष धूळ, गंज, वाकलेले पाते किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घरटे यांत शोधावा. कोरड्या ब्रशने सफाई करून सिलिकॉनचे कोरडे वंगण द्यावे. दाट ग्रीसवर धूळ अधिकच चिकटते. पाती सहज फिरत असतील, तर विद्युतदाब, लिमिट स्विच, नियंत्रक आणि शेवटी मोटार, या क्रमाने विद्युततज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

वाट उघडी ठेवून केलेली फवारणी खर्च वाढवते आणि वारंवारच्या वापराने किडीत प्रतिकारशक्ती निर्माण करते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी पिवळ्या चिकट सापळ्यांवरील माशा मोजताना प्रत्येक झडप एकदा पूर्ण उघडून-मिटवून पाहावी आणि तिची नोंद त्याच तक्त्यात घ्यावी. फवारणीचा सल्ला त्यानंतरच द्यावा.