हलकं म्हणजे चांगलं, असं कोणी सांगितलं?



टोरोंटोमध्ये औषधांच्या दुकानात बरीच वर्षं काम करून मी निवृत्त झाले. तरी आपल्या मंडळींचे प्रश्न काही थांबलेले नाहीत, आणि थांबू नयेत असंच मला वाटतं. हल्ली गोळ्या-औषधांपेक्षा एक प्रश्न जास्त येतो: ‘नातीनं चेहऱ्याला लावायचं सीरम आणून दिलंय. पाण्यासारखं हलकं आहे, अजिबात चिकट नाही. लावू का?’

या प्रश्नातला ‘हलकं’ हा शब्द मला खटकतो. चिकट नाही, जड नाही, लावताक्षणी जिरतं, म्हणून ते चांगलं, असं आपण धरून चालतो. माझं मत स्पष्ट आहे. हलकेपणा हा सीरमचा गुण नव्हे, ते नुसतं वर्णन आहे. बाटलीत तेल-तूप नाही किंवा फारच थोडं आहे, एवढंच त्यावरून कळतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या त्वचेत नेमकी स्निग्धताच कमी पडत असते. म्हणून आपल्या वयात सीरम बोटाला कसं लागतं ते पाहू नका; बाटलीवर काय लिहिलं आहे ते वाचून ठरवा.

आधी त्वचेचं थोडं समजून घेऊ. कोकणातली जांभ्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. चिरे कितीही मजबूत असले तरी मधला चुना झडला की भिंत ओल धरून ठेवत नाही. त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थराचं तसंच आहे. मृत पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. त्यांत सिरॅमाइड नावाचे पदार्थ महत्त्वाचे. वय वाढतं तसा हा चुना कमी होतो, आणि त्वचेतून पाझरणारं तेलही घटतं. बायकांना पाळी गेल्यावर हे लवकर जाणवतं.

त्यात कॅनडाचा हिवाळा. बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प फार थोडं मावतं. तीच हवा घरात घेऊन भट्टीनं तापवली की ती आणखी कोरडी ठरते आणि मिळेल तिथून पाणी ओढते: कुंडीतून, लाकडातून आणि आपल्या त्वचेतून. मुंबईच्या दमट हवेत ज्यांनी जन्मात कधी चेहऱ्याला काही लावलं नाही, त्यांचे गाल इथे जानेवारीत ताणल्यासारखे होतात, नडग्यांना खवले धरतात आणि रात्री खाज सुटते. खाजेनं झोप मोडते, खाजवून जखम होते, आणि मधुमेह असेल तर ती जखम लवकर भरत नाही. हा प्रश्न नुसता सौंदर्याचा नाही, तो असा.

अशा त्वचेला दोन गोष्टी हव्यात: पाणी धरून ठेवणारा पदार्थ आणि त्यावर झाकण. हलकं सीरम फार तर पहिली गोष्ट देतं. झाकण नसेल तर धरलेलं पाणी उडून जातं.

आता बाटलीकडे वळू. कॅनडात सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची पूर्ण यादी छापणं २००६ सालापासून सक्तीचं आहे. यादीचा नियम सोपा आहे. जे जास्त, ते आधी. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले पदार्थ मात्र शेवटी कोणत्याही क्रमानं लिहिता येतात. सगळी मेख इथेच आहे. जाहिरातीत ज्या मोत्याचं, केशराचं किंवा दुर्मीळ फुलाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, ते यादीत अनेकदा शेपटाला सापडतं. एक खूण सांगते. फेनॉक्सीएथेनॉल हे सीरम टिकावं म्हणून घालतात, आणि ते साधारण १ टक्क्यापर्यंतच घातलेलं असतं. त्याच्या मागे जी नावं येतात, ती बहुतेक चिमूटभरच असतात.

टोरोंटोचंच एक उदाहरण घेते. २०१३ साली इथे डेसिएम नावाची कंपनी सुरू झाली. तिनं २०१६ मध्ये ‘द ऑर्डिनरी’ या नावानं सीरम बाजारात आणली. ऑर्डिनरी म्हणजे साधं. बाटली साधी, किंमत इतरांच्या मानानं कमी, आणि नाव म्हणजे थेट घटक व त्याचं प्रमाण: ‘नायसिनामाइड १० टक्के अधिक झिंक १ टक्का’. पुढे अमेरिकेच्या एस्टी लॉडर कंपनीनं डेसिएम विकत घेतली, पण नाव ठेवायची ही पद्धत राहिली, आणि इतरांनीही ती उचलली. आत काय आणि किती, हे बाहेरच लिहिणं मला मनापासून आवडतं.

या सीरमची मी वाचलेली यादी अशी आहे. सुरुवातीला पाणी. मग नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. पुढे ओलावा धरणारं एक ग्लायकॉल आणि जस्ताचा एक क्षार. त्यानंतर ‘टॅमरिंडस इंडिका सीड गम’ असं भारदस्त लॅटिन नाव येतं. घाबरू नका, तो चिंचोक्याचा डिंक! चिंचोक्याची खळ आपल्याला काही नवी नाही. त्यानंच सीरमला तो रेशमी बुळबुळीतपणा येतो. सुगंध नाही आणि तेलही नाही.

माल प्रामाणिक आहे. पण तो कोणासाठी? जस्त आणि इतकं नायसिनामाइड हे तेलकट, पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेसाठी योजलेलं आहे. वीस वर्षांच्या नातीला ते शोभतं. पंचाहत्तरीच्या आजीच्या चेहऱ्यावर कमी करायला तेल आहेच कुठे? नायसिनामाइड आपल्यालाही उपयोगी पडतं, कारण त्वचेचा चुना सावरायला ते मदत करतं. पण त्यासाठी १० टक्के लागत नाहीत. त्वचेवरच्या बऱ्याच चाचण्या २ ते ५ टक्क्यांवर झाल्या आहेत. नाजूक त्वचेला जास्त प्रमाण चुरचुरूही शकतं. यादी खरी असली म्हणून बाटली आपल्या कामाची ठरत नाही. आपल्या त्वचेला काय हवं ते आधी ठरवा, मग यादी वाचा.

यादीत भेटणारी आणखी काही नावं सांगते.

ग्लिसरीन: पहिल्या पाचांत असेल तर आनंद माना. जुनं, स्वस्त आणि भरवशाचं; पाणी धरून ठेवतं.

हायलुरॉनिक ॲसिड किंवा सोडियम हायलुरोनेट: हेही पाणी धरतं. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गुरांच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं काढलं. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आता बहुतेक जिवाणूंच्या साहाय्यानं आंबवून तयार करतात. नावात ॲसिड असलं तरी ते जाळत नाही. मात्र कोरड्या हवेत त्यावर झाकण हवंच.

डायमेथिकोन: हे सिलिकोन. स्पर्श मखमली होतो, थोडं झाकणही होतं. विषारी नाही, पण त्या मऊपणाला त्वचा सुधारली असं समजू नका.

रेटिनॉल आणि ग्लायकॉलिक ॲसिड: सुरकुत्या आणि डागांसाठी वापरतात. दोन्हींनी कोरडी त्वचा सोलवटू शकते. ग्लायकॉलिक ॲसिडनं उन्हाचा त्रासही वाढतो, आणि बर्फावरून परतणारं ऊन काही कमी नसतं. आपल्या वयात ही दोन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

परफ्यूम, म्हणजे सुगंध: एका शब्दामागे अनेक रसायनं दडलेली असतात, आणि ॲलर्जीचं हे एक नेहमीचं कारण आहे. २०२४ साली कॅनडानं नियम बदलले. त्यानुसार २०२६ पासून टप्प्याटप्प्यानं लिमोनीन, लिनॅलूल, जेरॅनिऑल यांसारखी ॲलर्जी आणणारी सुगंधी द्रव्यं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास नावानिशी छापावी लागतात. चांगली गोष्ट झाली. तरी माझा सल्ला एकच: चेहऱ्याला लावून ठेवायच्या वस्तूत सुगंध नकोच.

‘पण दुकानात मिळतंय म्हणजे सरकारनं तपासलेलंच असणार,’ असं बरेच जण म्हणतात. तसं नाही. कॅनडात सौंदर्यप्रसाधन विकायला आधी परवानगी लागत नाही; पहिल्या विक्रीनंतर दहा दिवसांत कंपनीनं हेल्थ कॅनडाला कळवायचं असतं. वापरायला बंदी असलेल्या आणि मर्यादा घातलेल्या घटकांची यादी हेल्थ कॅनडा ठेवतं. पण दुकानातली प्रत्येक बाटली कोणी आधी उघडून पाहत नाही. औषधांचं वेगळं. त्यांच्यावर आठ आकडी डीआयएन असतो आणि नैसर्गिक आरोग्य उत्पादनांवर एनपीएन. उन्हापासून बचावाच्या मलमावर यांपैकी एक क्रमांक असायलाच हवा. नुसत्या सीरमवर तो नसतो, म्हणून त्यानं रोग बरा होईल असं समजू नये.

आणि गोरेपणाच्या बाटल्या? कोणी पिशवीतून आणलेल्या, यादी नसलेल्या, ‘आठ दिवसांत उजळ’ म्हणणाऱ्या बाटल्या घरात ठेवू नका. अशा मालात पारा आणि हायड्रोक्विनोन सापडल्याचे इशारे हेल्थ कॅनडानं अनेकदा दिले आहेत. पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडतात. आपला रंग आहे तो उत्तम आहे.

किमतीचंही बोलायला हवं. सीरमची बाटली साधारण ३० मिलीलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे. तेवढ्याला कुठे दहा डॉलर पडतात, कुठे शंभराच्या वर. दोन्हींच्या यादीत पहिली पाच नावं जवळपास सारखी असलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत. पेन्शनवर चालणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. त्या पैशांत बिनवासाचं जाड मलम आणि व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली वर्षभर पुरते.

हलक्या सीरमच्या बाजूनंही बोलणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. चिकट मलम लोक लावतच नाहीत, आणि न लावलेल्या मलमाचा उपयोग शून्य. टोरोंटोच्या दमट जुलैत जड थर नकोसा होतो. काहींची त्वचा म्हातारपणीही तेलकट राहते. अशांनी खुशाल हलकं वापरावं. पण ‘मला आवडतं’ आणि ‘मला पुरतं’ यांत फरक आहे.

मग नातीनं आणलेली बाटली फेकायची का? मुळीच नाही. आधी यादी वाचा. अक्षर बारीक असेल तर भिंग घ्या, किंवा तिलाच मोठ्यानं वाचायला सांगा. हरकत घेण्यासारखं काही नसेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर रोज लावून आठवडाभर पाहा. लाली, खाज नसेल तर रात्री तोंड कोमट पाण्यानं धुवा, हलकेच टिपा, आणि ओलसर चेहऱ्यावर दोन थेंब लावा. लगेच वरून बिनवासाचं मलम लावा. शक्यतो सिरॅमाइड असलेलं घ्या. फार कोरडं असेल तिथे जेलीचा पातळ हात फिरवा. तळपायांना लावलंत तर मोजे घाला, घसरून पडण्याचं वय आहे आपलं. घरी प्राणवायू लावणाऱ्यांनी नाकातोंडाजवळ जेली आणि तेलकट मलम वापरू नये, पेट घेण्याचा धोका असतो. त्यांनी कोणतं मलम चालेल ते आधी विचारावं.

मलम लावूनही अंगभर खाज राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडचा बिघाड कधी कधी खाजेतून बोलतो. तीळ वाढला, रंग बदलला, रक्त आलं, तर एक दिवसही थांबू नका. आणि दुकानातल्या फार्मासिस्टला विचारायला लाजू नका. काउंटरवर दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणत. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. घाण्यात काय टाकलं, त्यावर तेलाची पारख व्हायची. भांड्याच्या नक्षीवर नाही. बिस्किटाच्या पाकिटात जिलेटिन आहे का, हे आपण आजही पाकीट उलटून वाचतो. तीच नजर सीरमच्या बाटलीवर टाकायची आहे. पहिली पाच नावं वाचा, सुगंध आहे का ते पाहा, आणि वरून झाकण घाला. मग बाटली हलकी असो की जड, निवड तुमची असेल.