एका हीटरात दहा कूलर

"कूलर चार महिने चालते, हीटर तर दीडच महिना. असं किती बिल येणार?" शेजारच्या काकूंचा सवाल. मे महिन्यात 47-48 अंश सोसणाऱ्या चंद्रपुरात विजेचं बिल म्हणजे कूलरचं बिल, हे डोक्यात पक्कं बसलंय. थंडीतला खर्च कुणी धरतच नाही.

कूलर साधारण दोनशे वॅटचा, हीटर दोन हजारांचा. सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास लावला की रोजचे 8 युनिट, महिन्याचे 240. घरचा नेहमीचा वापर 90 असेल तर आकडा 330 वर जातो. महावितरणच्या दरात 100 च्या पुढचं युनिट जवळपास दुप्पट महाग, 300 च्या पुढचं त्याहून. वरून 16 टक्के वीज शुल्क आहेच.

दुकानदार सांगतो, ऑइलवाला घ्या, वीज कमी खातो. खोटं आहे. तेलाचा असो, कांडीचा असो की ब्लोअर, एका युनिटात ऊब तेवढीच मिळते. ती जाते कुठे, एवढाच फरक. कवेलूच्या घरात गरम हवा फटींतून वर निघून जाते, तिथे ब्लोअर म्हणजे पैसे छपरावाटे बाहेर. समोर बसून शेकायला लाल कांडीचा बरा. स्लॅबच्या बंद खोलीत थर्मोस्टॅटवाला चालेल, खोली तापली की आपोआप बंद होतो.

गंमत म्हणजे ही वीज आपल्याच दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची आमच्याच आभाळात. त्या विजेची आपण घरी पुन्हा उष्णता करतो! म्हणून कोळशाची सिगडी बंद खोलीत घेऊन झोपू मात्र नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भामरागड-एटापल्लीकडे निराळीच तऱ्हा. व्होल्टेज 180 वर उतरलं की दोन हजार वॅटचा हीटर बाराशेवर येतो. बिल कमी आणि ऊबही कमी. स्टॅबिलायझर लावावा म्हटलं, तर एवढा भार पेलणारा स्टॅबिलायझर साध्या हीटरपेक्षा महाग. त्यापेक्षा अंगणातली शेकोटी आणि रात्रीला दोन गोधड्या, यांचं मीटर फिरत नाही.