लेकीच्या खेळासाठी बिऱ्हाड हलविले!

बदली झाली म्हणून बिऱ्हाड हलविणारे बाप आपण पुष्कळ पाहतो. मुलीला खेळता यावे म्हणून हलविणारा पाहिला आहे? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात असा एक शेतकरी होऊन गेला. गावच्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल-संघ नव्हता. शेजारच्या जिल्ह्यात होता. गृहस्थाने सारे कुटुंबच तिकडे नेले! ती मुलगी म्हणजे पॅट समिट.

१९७४ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, पॅटबाई टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी हाकणे आणि खेळाडूंचे कपडे धुणे, हीही कामे त्यांच्याचकडे! त्याच वर्षी गुडघा जबर दुखावला होता. तरी १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये त्या सहकप्तान म्हणून खेळल्या नि रौप्यपदक घेऊन परतल्या. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी तयार केलेल्या संघाने सुवर्णपदक पटकावले.

३८ हंगामांत १,०९८ विजय, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे! पण आईबापांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट निराळीच. तास बुडवायचा नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, हा बाईंचा दंडक. त्यांच्या हाताखाली ठरलेली वर्षे पुरी केलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली.

२०११ मध्ये स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. तरी आणखी एक हंगाम त्या संघापाशी उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये त्या गेल्या.

“शिकणार की खेळणार?” असे आपण मुलीला दरडावतो. वाचकहो, मधला तो ‘की’ कोणी घातला, हे एकदा आपणच आपल्याला विचारू या.